उन्हाळी धान: कालवा आणि बोअरचा हिशेब एकच हवा

छत्तीसगडमधले महानदीवरचे गंगरेल धरण सुमारे ३२ टीएमसीचे. खरिपाचे कालवे, भिलाईचा पोलाद कारखाना आणि रायपूर शहर यांची भिस्त त्याच साठ्यावर आहे. उन्हाळ्यात खारून नदी आटू लागली की शहरासाठी कालव्यातून गंगरेलचेच पाणी सोडावे लागते. अशा खोऱ्यात उन्हाळ्यातही धानच घ्यावा का? रायपूरला वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. उन्हाळी धान एका हंगामात हजार मिलिमीटरहून अधिक पाणी पितो. हरभऱ्याचे अडीचशे-तीनशेत भागते.

या धानाला कालव्याचे पाणी बंद करा, हा नेहमीचा उपाय अपुरा आहे. कालवा बंद झाला की बोअर सुरू होतात आणि कृषिपंपांना विजेत मोठी सवलत असल्याने उपशाला लगाम राहत नाही. रायपूरच्या परिसरातले बरेचसे भूजल चुनखडकाच्या भेगा-पोकळ्यांत साठते. पावसाळा सरल्यावर नाले वाहते राहतात ते याच पाण्याच्या झिरप्यावर. बोअरने ते उपसले की खारूनचा प्रवाह घटतो आणि ती तूट पुन्हा धरणानेच भरायची. बांधीतले पाणी मुरून जमिनीतच परत जाते, असा युक्तिवाद होतो. काही अंशी तो खरा आहे. पण एप्रिल-मेच्या उन्हात पिकातून आणि उघड्या पाण्यातून जी वाफ जाते, ती खोऱ्याला त्या हंगामात परत मिळत नाही.

शेतकऱ्याचा आक्षेप मात्र वजनदार आहे. खरिपाच्या धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत सरकारी खरेदी मिळते. हरभरा-लाखोळीला असा भरवसा नाही, शिवाय खरीप निघाला की मोकाट जनावरे शिवारात शिरतात. अशा वेळी नुसती बंदी म्हणजे सगळा भार शेतकऱ्यावर टाकणे. कालव्याच्या पाण्यावरची जुलमी वसुली लोक मुकाट्याने सोसत नाहीत, हे धमतरीजवळच्या कंडेलने १९२० च्या सत्याग्रहात दाखवून दिले आहे. म्हणून क्रम उलटा हवा. आधी कडधान्याची गावच्या सोसायटीतच हमीभावाने खरेदी आणि चराईचा बंदोबस्त. मग पावसाळा संपताच धरणसाठा व विहिरींची पातळी एकत्र मांडून, कारखान्यांच्या वाट्यासह, रब्बीचे पाणी जाहीर करावे. हाच प्रश्न इटियाडोहच्या लाभक्षेत्रात, आपल्या गोंदियातही उभा आहे. धानाचा भाव ठरवणाऱ्या सरकारने त्यामागच्या पाण्याचा हिशेबही शेतकऱ्यांसमोर मांडला पाहिजे.