सिंहाचा वाटा कोणाचा?



वार्षिक सभेचे दिवस आले की 'सिंहाचा वाटा' हा शब्द हमखास कानी पडतो. अहवालात छापलेले असते, "गाळपात सभासदांचा सिंहाचा वाटा आहे." आणि कवठे येमाईच्या पारावर बोलणे निघते, "सिंहाचा वाटा कारखान्यानेच नेला बघा!" शब्द एकच, अर्थ दोन.

हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला. मूळ गोष्ट इसापाची. सिंहाने इतर जनावरांसंगे शिकार केली, चार वाटे पाडले आणि एकेक कारण सांगून चारही आपणच घेतले. म्हणजे मूळचा सिंहाचा वाटा मोठा नव्हे, सगळाच! पुढे इंग्रजीत 'सर्वांत मोठा हिस्सा' असा अर्थ रूढ झाला. मराठीत आपण तो 'उचलतो', म्हणजे कष्टाचे कौतुक करतो. त्याला हरकत नाही. परंतु पैशाच्या वाटपात हा शब्द जपून वापरावा, असे आमचे मत आहे. सहकारात वाटा जोरावर ठरत नाही, नियमावर ठरतो.

नियम तीन आहेत, आणि नेमकी त्यांचीच गल्लत होते.

पहिला, एफआरपी. हा नफ्यातला वाटा नव्हे, उसाचा किमान भाव आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. कारखाना तोट्यात असला तरी तो चौदा दिवसांत द्यावा लागतो. उशीर झाल्यास १५ टक्के व्याज.

दुसरा, सत्तर-तीस. १९७४ पासून जादा उत्पन्न निम्मे-निम्मे वाटण्याचे भार्गव सूत्र होते, ते २००९ मध्ये गेले. २०१२ च्या रंगराजन समितीनंतर राज्याने २०१३ मध्ये ऊस दराचा कायदा केला. साखर, बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेचे ७५ टक्के उसाला. नीट वाचा: उत्पन्नाचे, नफ्याचे नव्हे. ही रक्कम एफआरपीहून जास्त भरली तरच फरक मिळतो.

तिसरा, लाभांश. तो नफ्यातून, आणि शेअरवर; उसाच्या टनावर नव्हे. त्यालाही सहकार कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

तेव्हा सभेत "सिंहाचा वाटा कोणी नेला?" असे विचारले, तर उत्तरही मोघमच मिळणार. त्यापेक्षा विचारा: सरासरी उतारा किती? मळी-बगॅसचे किती आले? तोडणी-वाहतूक टनाला किती कापली? आकडा मागितला की आकडाच द्यावा लागतो. आणि आम्ही नोकरांनीही अहवालात सभासदांना सिंह म्हणण्याआधी हे आकडे छापावेत.

एक एकरवाल्याच्या उसाला 'खारीचा वाटा' म्हणून कोणी हिणवू नये. शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. इसापाच्या रानात ही सोय नव्हती. आपल्या कारखान्यात आहे. ती वापरा.