भाषाशास्त्र घेऊन करणार काय?

आमच्या भाचीने बारावीनंतर भाषाशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बीए करायचं ठरवलंय आणि गेले पंधरा दिवस ताईच्या घरचा फोन थंड झालेला नाही. इथे डोकावणाऱ्यांत नातेवाईकही बरेच आहेत, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यांचा पहिला प्रश्न, "अगं, मग तुला किती भाषा येतात?" हे म्हणजे डॉक्टरला "तुम्हाला किती रोग झालेत?" असं विचारण्यासारखं आहे. भाषा शिकणं वेगळं आणि भाषा चालते कशी ते शोधणं वेगळं.

'जग' हा शब्द दोनदा म्हणून बघा. एकदा दुनिया या अर्थाने, एकदा 'सुखाने जग' मधला. लिहायला एकच, उच्चार दोन. 'माझा' आणि 'माझी' मधला झ सुद्धा एक नाही. (म्हणून बघितलंत ना आत्ता?) हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, तरी तीन-चार वर्षांचं पोरही चुकत नाही. किंवा 'तू पोळी खाल्लीस' घ्या. यातली 'ली' पोळीमुळे आली आणि 'स' तुझ्यामुळे. एकाच क्रियापदावर दोघांचे शिक्के! हिंदीतल्या 'तूने रोटी खाई' मध्ये फक्त रोटीचाच शिक्का आहे.

आणि हे नुसते गमतीचे खेळ नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली लिहिलेला लेख जगभर शिकवला जातो. तिथली मराठी, कानडी आणि उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी राहून अशा झाल्या की शब्द आपापले राहिले आणि वाक्याची बांधणी जवळजवळ एक झाली. आपला 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद तिथल्या उर्दूनेही उचलला. सांगलीचे आपले पाहुणे एवढे, पण हे कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं!

बरेच जण म्हणतात, आधी 'नीट' पदवी घे, मग एमएला बघ. आपल्याकडे बहुतेकजण या विषयाकडे तसेच येतात, हे खरं. पण अलीगढ आणि बनारसला तो बीएपासून शिकता येतो, आणि माझ्या मते अठराव्या वर्षीच शिकावा. बावीसपर्यंत 'आनी-पानी' ऐकून नाक मुरडायची सवय पक्की होते. या विषयात पहिल्याच वर्षी ती मोडावी लागते. 'आनी' म्हणणाऱ्याच्या बोलीलाही नियम असतात, ते शोधायचे असतात.

नोकरीचं काय? भावोजींचा प्रश्न रास्त आहे, त्यांना फीचे हप्ते भरायचेत. कायमस्वरूपी प्राध्यापकाची जागा मिळणं कठीण, हे लपवण्यात अर्थ नाही. मोबाईलला मराठी ऐकायला-बोलायला शिकवणं, कोश, भाषांतर, शाळेची पुस्तकं ही कामं आहेत, पण जोडीला संगणक किंवा संख्याशास्त्र हवंच. तेवढी अट मीही तिला घातली आहे. कुरकुरली, पण कबूल झाली.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्याच ग्रुपवर दिवसभर अभिनंदनाचे मेसेज फिरत होते. त्याच मंडळींना आता घरातली मुलगी भाषेचा अभ्यास करणार म्हटल्यावर पोटात गोळा येतो! बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे निहाली नावाची भाषा बोलतात. जगातल्या कुठल्याच कुळात ती अजून नीट बसवता आलेली नाही आणि बोलणारे जेमतेम काही हजार. ती टिपून ठेवायला कुणीतरी जायला हवं की नको?

असो. फॉर्म भरायचा आठवडा आलाय. ज्यांना अजून समजवायचंय त्यांनी मामाला फोन करावा, तिला नाही. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो.