गाडीबरोबरचं लिंकिंग ओळखा

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, हे आपल्याकडे शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल. दुकानदार म्हणाला, "युरिया पाहिजे तर ही झिंकची पिशवी पण न्यावी लागेल," तर चार जण तिथंच आवाज चढवतात. काही जण पंचायत समितीत येऊन कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार देतात. याला आपण लिंकिंग म्हणतो आणि ते चुकीचं आहे हे सर्वांना पटलेलं आहे. पण तोच शेतकरी पुण्याला नाहीतर बारामतीला गाडी घ्यायला गेला, की तसल्याच लिंकिंगवर मुकाट्याने सही करून येतो.

भांडगाव, यवत, चौफुला, पाटस हा आपला सगळा पट्टा सोलापूर हायवेवरचा. ऊस, गुऱ्हाळ, दूध आणि जवळच्या कंपन्यांतली नोकरी यांच्या जोरावर दारात चारचाकी आली. ती चैन म्हणून आली असं मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री दवाखाना आहे, पोरांचं कॉलेज आहे, मार्केटला जाणं आहे. त्यात विचारी माणूस कोरी गाडी न घेता वर्ष-दोन वर्षं वापरलेली किंवा शोरूमची डेमो गाडी बघतो. हा विचार चांगलाच आहे. गाडीची किंमत पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त पडते, तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो.

अडचण पुढे येते. गाडीच्या किमतीत दहा-पंधरा हजार सुटले म्हणून आपण खूश होतो आणि मग समोर कागद येतो. सीट कव्हर आणि मॅट, बॉडी कोटिंग, हँडलिंग, फाईल चार्ज, नंबरप्लेट, फास्टॅग, विमा, कर्जाचा विमा. सेल्समन गोड बोलतो, "काका, हप्त्यात बसवून टाकू, कळणारपण नाही." नेमकं तेच तर आहे. कळत नाही म्हणूनच ते बसवलं जातं.

आता हिशेब करू. समजा, या जादा बाबींचे ४० हजार झाले आणि ते कर्जात घातले. दहा टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता दरमहा ८५० रुपयांनी वाढतो. पाच वर्षांत भरणा होतो सुमारे ५१ हजार. हातात उसाचे टनाला तीन हजार पडतात असं धरलं तर हा १७ टन ऊस झाला. एकरी ४० टनांचा उतार असणाऱ्याचा जवळजवळ अर्धा एकर. कृषी खात्याच्या माणसाने गाडीवर का लिहावं, याचं उत्तर इथं आहे. ठिबकचा विषय काढला की "यंदा पैसे नाहीत" असं ऐकायला मिळतं. अनुदान वजा जाता एका एकराच्या ठिबकमधला शेतकऱ्याचा वाटा या पैशातून भागून वर उरेल.

म्हणून कागदावरची एकेक ओळ तपासा. मार्केट यार्डातली पट्टी आपण कशी बघतो? हमाली किती, तोलाई किती, कटती कशाची. फळं-भाजीपाल्यावरची अडत २०१६ च्या जुलैत शेतकऱ्याच्या डोक्यावरून निघून खरेदीदाराकडे गेली, ती वर्षानुवर्षं ओरड केली म्हणूनच. तीच नजर इथं लावा.

सरकारी फी सरकारी पावतीवरच द्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१६ साली ठरलेल्या दराप्रमाणे खाजगी मोटारीच्या नावबदलाला ३०० रुपये आणि कर्जाचा बोजा चढवायला १,५०० रुपये, वर कार्डाचा किरकोळ खर्च. "आरटीओचे आठ-दहा हजार" कोणी सांगितले तर बाकीचे कुणाचे, हे विचारा. महाराष्ट्रातच पासिंग झालेल्या आणि एकरकमी कर भरलेल्या गाडीवर नवा मालक आला म्हणून पुन्हा रोड टॅक्स लागत नाही. एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच येते, तिचे पैसे पुन्हा कशाला? फास्टॅग जुन्या मालकाच्या नावावर चालवू नका. तो बंद करून आपल्या नावाचा बँकेतून घ्या, म्हणजे पाटसच्या टोलनाक्यावर वाद नको.

जीएसटीचं नाव काढलं की आपण गप्प बसतो. व्यापाऱ्याने एखाद्या घरगुती मालकाकडून घेतलेली जुनी गाडी विकली, तर जानेवारी २०२५ पासून दर १८ टक्के आहे खरा, पण तो साधारणपणे व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर. गाडीच्या पूर्ण किमतीवर लावला असेल तर खुलासा मागा.

विमा शोरूममधूनच घ्यावा असा कायदा नाही. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो कुठल्या कंपनीचा हे आपण ठरवायचं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा काढावा लागतो. म्हणजे वर्ष-दोन वर्षांच्या गाडीवर तो बहुतेक वेळा शिल्लक असतो. जुनी पॉलिसी बघितल्याशिवाय नवीचे पैसे देऊ नका. मात्र चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. कर्जाचा विमा घेतलाच पाहिजे असंही बंधन नाही.

सगळंच टाकाऊ आहे असंही नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वाढीव वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होत असेल तर ती विचारात घ्यावी. ताज्या गाडीला घसारा न कापणारा विमा उपयोगी पडतो. सीट कव्हरचं मात्र जपून. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर साधं कव्हर ती अडवू शकतं. स्वस्तात बसवलेलं कव्हर जिवाशी नको.

व्यापाऱ्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. गाडीच्या किमतीत त्याला ओढाताण असते, म्हणून तो या जादा मालावर कमावतो. त्याने विकावं, त्याला ना नाही. सक्ती मात्र नको. "हे घेतलं नाही तर गाडी देणार नाही" ही भाषा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या निर्बंधक व्यापार प्रथेत मोडते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

सौदा करताना क्रम पाळा. आधी गाडीचा भाव नावबदलासह लेखी घ्या. मग कर्जाचं बोला, तेही आपल्या बँकेचा दर हातात ठेवून. जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तिचा भाव वेगळा करा. तिन्ही एकत्र कालवले की आपला हिशेब चुकतो. जादा बाबी सगळ्यात शेवटी. प्रत्येकीला विचारा, ही सरकारी आहे का, पावती कुणाच्या नावाची आणि नाही घेतली तर काय? "साहेबांना विचारतो" म्हणून सेल्समन आत गेला तर खुशाल चहा प्या. महिनाअखेर त्याला असते, आपल्याला नाही. बयाणा देण्याआधी गाडीवर बोजा आणि ई-चलन बाकी आहे का, हे परिवहन खात्याच्या ॲपवर बघा. घरातल्या कॉलेजच्या पोराला ते पाच मिनिटांचं काम आहे.

ग्रामपंचायतींना एक विनंती. ग्रामसभेत योजनांची माहिती देतो, तशी वर्षातून एकदा अर्धा तास खरेदीच्या कागदांची द्यावी. गाडीचे सांगितलेले नियम मोटारीपुरते आहेत, पण जादा ओळींचा हा खेळ ट्रॅक्टर आणि पिकअपलाही चालतो. गावात आधी गाडी घेतलेल्यांनी आपापला कागद आणावा. कुणाला काय लागलं ते शेजारी-शेजारी ठेवलं की पुढच्याला आपोआप भाव कळेल.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून आपली माणसं पै-पैचा सौदा करत आली. बैल ठरला की कासऱ्याचे पैसे वेगळे मागणारा तिथं टिकला नसता. शोरूमला काच असली, एसी असला, तरी तो बाजारच आहे. तिथं विचारायला लाजू नका.