वडी वेगळी, बर्फी वेगळी

मिठाईच्या दुकानात काचेआड ‘नारळ बर्फी’ अशी पाटी असते. घरी आजी ताटात थापते ती मात्र नारळाची वडी. दोन्ही चौकोनी, दोन्ही गोड, मग फरक काय तो नावाचाच, असे पुष्कळांना वाटते. पण तसे नाही.

बर्फी हे नाव फारसी ‘बर्फ’वरून आले. खवा आणि साखर यांची पांढरी, मऊ बर्फी पाहिली की ते का पडले हे लगेच कळते. पुढे पिस्ता, संत्री, चॉकलेट असा तिचा परिवार वाढत गेला आणि बेसनाची पिवळीधमक मिठाईसुद्धा बर्फी म्हणवून घेऊ लागली. हिमाशी तिचे नाते काय, ते हलवायालाच ठाऊक!

वडी ही संस्कृत ‘वटिके’ची लेक. वैद्यांच्या औषधी गोळीला ‘वटी’ म्हणतात, तीही याच घरातली. म्हणजे वडी मुळात गोड नाहीच. अळूवडी, कोथिंबीरवडी, विदर्भातली पाटवडी या साऱ्या तिखटमिठाच्या. गोड हवी असेल तर नारळाची, तिळाची, आल्याची असे सांगावे लागते. बर्फी मात्र जन्मतःच गोड.

म्हणूनच इंदूर-भोपाळकडे नांदायला गेलेल्या मराठी सुनेने शेजारणीला ‘आज वडी केली’ असे सांगितले, तर तिला आठवते ती डाळ वाटून उन्हात वाळवलेली, रश्शात शिजवायची ‘बडी’. अमृतसरच्या झणझणीत वड्या आणि बंगालची ‘बोडी’ याच जातीच्या. तिथे सुनेने खुशाल ‘नारियल की बर्फी’ म्हणावे. पुण्या-नाशकात तसे म्हणायचे कारण नाही. पण दुकानाच्या पाट्या पाहून घरोघरी आता वडीलाही बर्फी म्हणू लागले आहेत, हे काही बरे नव्हे.

कारण दोघींची परीक्षाच निराळी. वडीत कस लागतो पाकाचा. मिश्रणाने कढईच्या कडा सोडल्या, गोळी वळली, की ताटात ओतायचे, वाटीच्या बुडाने थापायचे आणि कोमट असतानाच सुरीने रेघा मारायच्या. जरा उशीर झाला की भुगा, घाई केली तर चमच्याने खायची वेळ. बर्फीत कस लागतो खव्याचा. तो शिळा असेल तर वेलदोडा कितीही घाला, उपयोग नाही. खव्यात पिठाची भेसळ असल्याचा संशय आला, तर थोडा खवा पाण्यात उकळून गार करावा आणि त्यात आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला की समजावे.

टिकण्यातही अंतर आहे. पक्क्या पाकातली तिळाची वडी डब्यात बरेच दिवस राहते, खव्याची बर्फी लवकर आंबते. सुट्या मिठाईपुढे ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणे दुकानदारांना १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले, ती पाटी बर्फी घेताना तरी वाचावीच.

ज्यांना दूध चालत नाही त्यांनी खव्याची बर्फी टाळावी. नुसत्या नारळ-साखरेच्या वडीत दूध नसते. पण अनेकजणी मऊपणासाठी साय घालतात, तेव्हा विचारूनच घ्यावी. ॲलर्जी असेल तर ताटाला तूप लावले होते का, हेही विचारावे.