नोंद यंत्रात राहते, जाब कोण विचारणार?

२९ जानेवारी २०१९ रोजी सकाळी अमेरिकेच्या ओहायो राज्यात झालेस्की या गावाजवळ एक हेलिकॉप्टर हिमवृष्टीत सापडून जंगलातील टेकडीवर कोसळले. ते रुग्णवाहिकेचे हेलिकॉप्टर होते आणि एका लहान रुग्णालयातील रुग्णाला आणण्यासाठी निघाले होते. रुग्ण अद्याप त्यात चढलेला नव्हता. वैमानिक आणि दोन वैद्यकीय कर्मचारी असे तिघेजण मात्र कामावर असताना प्राणास मुकले.

याच रुग्णासाठी त्या सकाळी आधी दुसऱ्या दोन कंपन्यांना विचारणा झाली होती. हवामान पाहून दोघींनीही नकार दिला. तिसऱ्या कंपनीने होकार दिला. जाणाऱ्या पाळीच्या वैमानिकाने काम स्वीकारले, येणाऱ्या पाळीच्या वैमानिकाने उड्डाण केले, आणि जोखमीचे जे मूल्यमापन उड्डाणापूर्वी करावयाचे असते ते दोघांपैकी कोणीच केले नाही. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून २०२० साली जो निष्कर्ष काढला, तो आमच्या मते प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. मंडळाने मृत वैमानिकाच्या माथी सारा दोष मारून प्रकरण मिटविले नाही. कंपनीच्या व्यवस्थापनाने सुरक्षिततेची हेळसांड केली व नियम डावलणे हीच तेथील रीत होऊन बसली, हे अपघाताचे कारण म्हणून नोंदविले. आणि सरकारी नियामक संस्थेची, म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनची, अपुरी देखरेख हीही त्यास हातभार लावणारी बाब ठरविली.

एका कंपनीने नाकारले की दुसरीला, दुसरीने नाकारले की तिसरीला फोन करणे, या प्रकाराला त्या व्यवसायात ‘हेलिकॉप्टर शॉपिंग’ म्हणतात. बाजारात दुकानामागून दुकान पालथे घालावे तसे हे आहे. यात फोन करणाऱ्या परिचारिकेला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यासमोर रुग्ण तळमळत असतो, आणि मोठे रुग्णालय पन्नास-शंभर मैलांवर असते. प्रश्न असा आहे की पहिल्या दोन वैमानिकांना जे कळले होते, ते तिसऱ्यापर्यंत पोहोचविण्याची सक्ती कोणावर का नव्हती?

याचे उत्तर शोधायचे तर हा व्यवसाय कसा वाढला हे पाहावे लागते. १९७८ साली अमेरिकेने विमान कंपन्यांवरील निर्बंध उठविणारा कायदा केला. तो झाला प्रवासी विमानांसाठी; परंतु हवाई रुग्णवाहिका ही देखील ‘विमान वाहतूकदार’च होय, असा अर्थ न्यायालयांनी लावला आणि तिच्या दरांवर अंकुश ठेवण्याचा राज्यांचा अधिकार संपला. २००२ पासून वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याने हेलिकॉप्टरसाठी नवे, सढळ दर लागू केले. मग तळ वाढले, हेलिकॉप्टरे वाढली, खासगी भांडवल ओतले गेले. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दाखविले आहे की २०१० ते २०१४ या चार वर्षांत एका फेरीची मध्यम आकारणी सुमारे १५ हजार डॉलरवरून सुमारे ३० हजार डॉलरवर गेली. बेशुद्ध रुग्ण भाव कसा करणार? अशा अनपेक्षित बिलांपासून खासगी विमाधारकांना संरक्षण मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

या व्यवहाराची मेख अशी की पैसे मिळतात ते रुग्ण वाहून नेल्यावर. तळ, यंत्र, चोवीस तासांचा नोकरवर्ग यांचा खर्च मात्र उड्डाण होवो वा न होवो चालूच असतो. ढग पाहून दिलेला प्रत्येक नकार हा मालकाच्या खतावणीत तोटा म्हणून उमटतो. उड्डाण नाकारणाऱ्यांवर वरून दबाव येत असे, हे ओहायोच्या चौकशीत कर्मचाऱ्यांनीच सांगितले.

नियमच नव्हते असे कोणी समजू नये. सुरक्षा मंडळाने १९८८ साली या व्यवसायाचा अभ्यास करून इशारा दिला. २००६ साली पुन्हा अहवाल आला: तीन वर्षांत ५५ अपघात, ५४ मृत्यू, आणि यांपैकी २९ अपघात टाळता आले असते. २००८ हे वर्ष तर या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत प्राणघातक ठरले. त्यानंतर कोठे २०१४ मध्ये नवे नियम झाले: जमिनीच्या जवळिकीची सूचना देणारे यंत्र, उड्डाणापूर्वी जोखमीचे मूल्यमापन, दहा वा अधिक हेलिकॉप्टरे असणाऱ्या कंपन्यांना नियंत्रण केंद्र, आणि उड्डाणाची माहिती टिपणारे नोंदयंत्र. हे नोंदयंत्र बसविणे सक्तीचे झाले. त्यातील नोंद नियमितपणे वाचून चुका सुधारण्याची सक्ती मात्र झाली नाही. सुरक्षा मंडळ ती सक्ती वारंवार मागत राहिले. पंचनाम्याची तयारी आधीपासूनच करून ठेवावी, तसा हा मामला झाला.

अहवाल पाठविण्याच्या नियमाचीही हीच गत. २००७ साली लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की ही हेलिकॉप्टरे वर्षाला किती तास उडतात याचाच सरकारकडे पत्ता नाही, तर अपघातांचे प्रमाण काढणार कशाच्या आधारे? म्हणून २०१२ च्या कायद्याने कंपन्यांना दरवर्षी माहिती देणे बंधनकारक केले. हेलिकॉप्टरे किती, तास किती, रात्रीची उड्डाणे किती, आणि किती मागण्या स्वीकारल्या व किती नाकारल्या हेही. पाऊल चांगलेच होते. परंतु नकारांची बेरीज वर्षाअखेर वॉशिंग्टनला पोहोचते, आणि त्याच सकाळी पलीकडच्या तळावरील वैमानिकाला त्या नकाराची वार्ता नसते. ज्याला माहितीची तातडीची गरज आहे त्याला ती न देणारी नोंद दप्तराची शोभा वाढविते.

सेवा सार्वजनिक केली की सारे सुरळीत होईल, असे आपल्यापैकी काहीजण म्हणतील. नफ्याचा दबाव त्यामुळे हटेल, हे खरे. आणि म्हणून आमचाही आग्रह तोच आहे. पण कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ही सेवा सरकारी पैशावर चालणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या संस्थेकडे होती. तेथेही ३१ मे २०१३ च्या रात्री मूसोनी येथे उड्डाण होताच हेलिकॉप्टर कोसळले व दोन वैमानिक आणि दोन वैद्यकीय सहायक मरण पावले. त्रुटी सरकारी निरीक्षकांना अगोदरच दिसल्या होत्या. त्या दुरुस्त झाल्या की नाही हे पाहण्याची व्यवस्था तोकडी पडली, असे तेथील चौकशी मंडळाने २०१६ मध्ये म्हटले. मालकी बदलली तरी निरीक्षकाच्या शेऱ्याला धार हवीच.

कामगारांनी स्वतःच्या अनुभवातून या क्षेत्रात दोन रीती रूढ केल्या आहेत. एक, रुग्णाचे वय वा आजार वैमानिकाला सांगायचा नाही, म्हणजे दयेपोटी तो ढगात शिरणार नाही. दुसरी, जायचे तर सर्वांचा होकार हवा, न जायला एकाचा नकार पुरे. मग तो वैमानिक असो वा परिचारिका. या रीती जोवर मालकाच्या मर्जीवर आहेत तोवर नकार देणाऱ्याची नोकरीही त्याच मर्जीवर राहील. २०२४ साली अमेरिकेने सर्व भाडोत्री विमानचालकांना सुरक्षा-व्यवस्थापनाची पद्धत सक्तीची केली व त्यात कर्मचाऱ्यांना निर्भयपणे धोका कळविता यावा अशी तरतूद ठेवली. मे २०२७ पर्यंत त्यांना मुदत आहे.

हा विषय आता आपल्याही दारात आला आहे. ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर रुग्णवाहिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि १७ मे २०२५ रोजी रुग्णाला आणण्यास गेली असता केदारनाथला उतरताना मोडली. आतील माणसे सुदैवाने वाचली. महिना उलटण्यापूर्वीच, १५ जूनला, गौरीकुंडजवळ यात्रेकरूंचे हेलिकॉप्टर कोसळून सातजण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे यात्रेकरूही होते. अशी सेवा जेथे जेथे सुरू होईल तेथील आपल्या लोकप्रतिनिधींनी उद्घाटनाच्या मांडवातच तीन गोष्टी लेखी मागाव्यात: उड्डाणाच्या प्रत्येक नकाराची नोंद व ती पुढच्या चालकाला तत्काळ कळविण्याचे बंधन, नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला नोकरीचे संरक्षण, आणि निरीक्षकांचे शेरे, त्यांवर काय केले यासह, दर सहा महिन्यांनी जाहीर करणे.