हुर्राकाची शाळा

आपले मद्य आपल्याच हाताने गाळण्याचे प्रात्यक्षिक वर्ग पाश्चात्त्य देशांत आता नवलाईचे राहिलेले नाहीत. न्यूझीलंडने तर १९९६ सालापासून स्वतःपुरते मद्य घरी गाळण्यास मुभाच दिली आहे. आपल्या गोव्यातही काजूच्या हंगामात पर्यटकांना भट्टी दाखविण्याची प्रथा रुळली आहे. अनमोडचा घाट ओलांडला की लागणाऱ्या जोयडा तालुक्यात काळी नदी, अरण्य आणि व्याघ्रप्रकल्प यांच्या ओढीने पाहुण्यांची ये-जा वाढत आहे. हा शौक उद्या तेथेही पोहोचला तर नवल नाही. तो पोहोचण्यापूर्वीच त्याचा विचार झालेला बरा, असे आम्हांस वाटते.

मद्य गाळणे ही एक विद्या आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. झाडावरून आपण होऊन गळलेले बोंडू वेचावयाचे, तुडवून त्यांचा रस काढावयाचा, तो दोन-तीन दिवस आंबू द्यावयाचा आणि मग भट्टीवर चढवावयाचा. पहिल्या गाळपाचा सौम्य हुर्राक, तोच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की जहाल फेणी. आग किती ठेवावी, धार कधी थांबवावी हे जुना जाणता माणूस बाटलीतील बुडबुड्यांवरून सांगतो. पोथीत नसलेले हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांनी जपले. राखणदाराच्या नैवेद्यापासून सर्दीपडशाच्या उपचारापर्यंत त्याला आपल्या घरादारांत स्थान होते. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाच्या पेयाचा दर्जा दिला, तो या हातांचाच गौरव होय.

परंतु घाटमाथ्यावर हा गौरव संपतो. गोव्यात हंगामापुरता परवाना घेऊन जी भट्टी उजळ माथ्याने पेटते, तीच पलीकडे गुन्हा ठरते. कर्नाटकाच्या १९६५ च्या अबकारी कायद्याप्रमाणे परवान्याविना मद्य गाळता येत नाही आणि २००७ च्या जुलैपासून त्या राज्यात गावठी साराईची विक्रीही बंद आहे. या बंदीची टिंगल करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही. साराईच्या गुत्त्यांनी किती संसारांची राखरांगोळी केली, हे त्या त्या गावच्या बायकांना विचारावे. १९८१ साली बंगळूरमध्ये विषारी दारूने तीनशेहून अधिक माणसे दगावली. २०१५ साली मुंबईतील मालवणीत शंभरावर बळी गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फळांच्या रसात आंबताना थोडे मिथेनॉल आपसूक निर्माण होते. तथापि असे मोठे हत्याकांड सहसा त्याने होत नाही. कारखान्यांत वापरले जाणारे मिथेनॉल नफ्यासाठी दारूत मिसळले जाते, तेव्हा ते घडते. ते विष जिभेला ओळखू येत नाही. काही तासांनी डोळ्यांपुढे अंधारी येते, तोवर वेळ निघून गेलेली असते. म्हणजे खरा शत्रू गाळण्याची विद्या नसून चोरटा, बेनामी व्यापार आहे. आणि सरसकट बंदीच्या अंधारात हाच व्यापार फोफावतो, हेही विसरता येत नाही.

मग शाळा काढावी काय? दोन दिवसांच्या सहलीत शहरी हौशी मंडळींना भट्टी लावावयास शिकवणारी शाळा आम्हांस मान्य नाही. उघड्या विस्तवाशेजारी ज्वालाग्राही वाफ खेळवणे हे काम अर्धवट ज्ञानाचे नव्हे. शिवाय अशा वर्गाचा पैसा निवासगृहाच्या मालकाच्या खिशात जाईल आणि उद्या धाड पडली तर बेडी मात्र भट्टीपाशी बसलेल्या गावकऱ्याच्या हातात पडेल.

या गावकऱ्याची स्थिती तरी काय आहे? गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप समाज २००३ साली अनुसूचित जमातींत समाविष्ट झाले. त्यांचाच भाऊबंद असलेला जोयड्याचा कुणबी तोच दर्जा वर्षानुवर्षे मागत आला आहे. मध्यप्रदेश व छत्तीसगढ येथे आदिवासींना घरगुती वापरापुरते मोहाचे मद्य गाळण्याची मर्यादित सूट आहे. तशी सवलत कर्नाटकाने उद्या दिली, तरी जमातीच्या यादीत नाव नसलेल्याला तिचा काय उपयोग? एकच समाज, एकच बोली, एकच वृक्ष; मात्र एका रेषेने भावाभावांचे नशीब वेगळे केले आहे.

शाळा हवीच असेल तर ती परवानाधारक गाळणाऱ्यांची असावी. आंबवण्याची स्वच्छता, तांब्याच्या भांड्यांची निगा, मद्याच्या तीव्रतेचे मोजमाप आणि प्रत्येक गाळपाची तपासणी हे तिचे विषय असावेत. केरळ सरकारने २०२२ साली कन्नूर जिल्ह्यातील पय्यावूरच्या सहकारी बँकेला बोंडूपासून मद्य गाळण्यास परवानगी दिली. सहकाराचा हा मार्ग कर्नाटकानेही अभ्यासावा. मात्र अशी परवानगी देण्यापूर्वी गावच्या स्त्रियांची संमती घेतली जावी, ही आमची अट आहे. ज्या गावाला मद्य नको, त्याने बोंडूचे सरबत वा सिरका करावा. वाया जाणाऱ्या फळाचे मोल त्यातूनही मिळेल.

हुर्राकाचे कौतुक पाहुण्यांनी जरूर करावे. मात्र ही विद्या ज्यांनी जपली, त्यांनाच तिचे गुरुपद आणि तिची मिळकत मिळाली पाहिजे. कर्नाटक सरकारला हे करावयाचे असेल, तर त्याने आरंभ जोयड्याच्या कुणब्याच्या दारापासून करावा.