काळी आपली, खालचा दगड कोणाचा?

आपली कपाशी-ज्वारीची काळी ज्या लाव्ह्याच्या दगडाची झाली, त्याच काळातला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा खडक नर्मदेपलीकडे गुजरातेत, छोटा उदेपूरच्या आंबाडोंगरात आहे. त्यात 'दुर्मिळ मृदा' आहेत. नाव मातीचे, वस्तू धातूची! मुलुंडला नोकरीस असलेला आपला पोरगा विजेच्या स्कूटरवर फिरतो, तिच्या मोटारीतले जबर लोहचुंबक याच धातूंचे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा सात धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. धातू वेगळे करण्याचे बहुतेक कारखाने त्याच्याकडे, कमाईही तिथेच. कापूस विकून कापड विकत घेणाऱ्यांना हे काय सांगावे?

उद्या असा दगड आपल्या शेतात लागला तर? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ : काही जुने हक्क वगळता जमिनीवरचे व जमिनीखालचे खनिज सरकारचे. विहीर कोरडी गेली तर कर्ज मात्र आपले. २०१३ साली मलबारच्या जमीनमालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, कायद्याने काढून घेतली नसेल तर खालच्या खनिजाची मालकी जमीनमालकाचीच. आपल्याकडे ती कायद्यानेच काढून घेतली आहे. तेव्हा कलम ४८ बदला, खनिजात शेतकऱ्याला हिस्सा द्या, असा ठराव जिल्हा बैठकीत यावा, असे आम्हाला वाटते.